मटण, मासे की वरणभात? तब्येतीच्या वादातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न मी तयार केलेले नाहीत, लोकांनी विचारलेत. कुणी लग्नाच्या पंगतीत, कुणी रिपोर्ट हातात घेऊन, आणि बरेचसे रविवारी दुपारी फॅमिली ग्रुपवर, जेव्हा एका काकांनी मटणाचा फोटो टाकलेला असतो आणि दुसऱ्या काकांनी त्याखाली कॅन्सरचा फॉरवर्ड चिकटवलेला असतो. मी आहाराचं काम करते, माहेर रत्नागिरीकडचं, सासर देशावरचं आणि शाकाहारी, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी खाऊन झालीत. धर्म, उपास, जीवदया, पर्यावरण यावर इथे काही नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. इथे फक्त तब्येत. आणि किडनी-लिव्हरचं काही दुखणं असेल तर हे वाचून ताट बदलू नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

सरळ सांगा ना, व्हेज चांगलं की नॉनव्हेज?

सरळ सांगायचं तर हा प्रश्न अर्धाच आहे. मटण सोडलंत, ठीक, पण त्याच्या जागी ताटात काय आलं? मटकीची उसळ आली तर फायदा, साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा रस्सा आला तर कसला आलाय फायदा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, आमटी हे व्हेज आणि वडापाव, खारी, जिलेबी हेही व्हेजच. तिकडे बांगड्याचं तिखलं नॉनव्हेज आणि मैद्याच्या पावात घातलेली सलामीही नॉनव्हेज. त्यामुळे "व्हेजवाले जास्त हेल्दी" किंवा "नॉनव्हेजवाले ताकदवान" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, काल रात्री नेमकं काय जेवलात ते सांगा.

दुसरं म्हणजे आपल्याकडचा नॉनव्हेजवाला आणि अमेरिकेतला मांसाहारी यांची तुलनाच होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातले साधारण ८३ टक्के पुरुष आणि ७० टक्के बायका मांस-मच्छी कमी-जास्त खातात असं दिसतं, पण त्यात रोज खाणारे थोडे, बाकी सगळे बुधवार-शुक्रवार-रविवारवाले. तिकडे सकाळी बेकन, दुपारी बर्गर, रात्री स्टेक खाणाऱ्यांवर झालेला अभ्यास उचलून आपल्या रविवारच्या चार फोडींना लावायचा, हे जरा जास्तच होतं.

पण शाकाहारी लोक जास्त जगतात असं सिद्ध झालंय ना?

सिद्ध म्हणू नका, दिसलंय म्हणा. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट नावाचा ख्रिश्चन पंथ आहे, त्यातले बरेच जण शाकाहारी, दारू-सिगारेट जवळपास नाहीच. अमेरिका आणि कॅनडातल्या या लोकांवर मोठा अभ्यास चालू आहे, २०१३ साली त्यातल्या ७३ हजारांवर लोकांचे आकडे आले आणि शाकाहारी गटात मृत्यूचं प्रमाण मांस खाणाऱ्यांपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी कमी निघालं. फॉरवर्डमध्ये एवढंच येतं. त्याच आकड्यांत मांस न खाता मासे खाणाऱ्यांचा वेगळा गट होता आणि त्यांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होतं, हे मात्र कुणी पुढे पाठवत नाही. (माझ्या माहेरी हे वाक्य फ्रेम करून लावायची तयारी आहे.)

मग ब्रिटनचा एपिक-ऑक्सफर्ड हा अभ्यास घ्या. ४८ हजार माणसं, १८ वर्षं पाठपुरावा, निकाल २०१९ साली आला. शाकाहारींमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी पण स्ट्रोक २० टक्क्यांनी जास्त. टक्के ऐकून दोन्ही बाजू उड्या मारायला लागल्या, पण माणसं मोजली तर दर हजारी दहा वर्षांत हृदयविकाराचे १० रुग्ण कमी आणि स्ट्रोकचे ३ जास्त, एवढाच फरक. मासे खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार १३ टक्क्यांनी कमी होता आणि स्ट्रोकची तशी ठळक वाढ नव्हती. तरी ब्रिटनमधला शाकाहारी म्हणजे आपल्या सदाशिव पेठेतला शाकाहारी नव्हे. तो बहुतेक मोठेपणी विचार करून शाकाहारी झालेला असतो, व्यायाम करणारा, पाकिटावरचं लेबल वाचणारा. आपला शाकाहारी जन्मापासूनचा असतो आणि त्याच्या फराळाच्या डब्यात काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एक अभ्यास म्हणतो मांस वाईट, दुसरा म्हणतो चालतं. विश्वास कुणावर ठेवायचा?

जगातल्या बहुतेक आहार-अभ्यासांत लोकांना फॉर्म देऊन विचारतात की बाबा तू गेल्या वर्षी काय काय खाल्लंस, आणि मग पुढची दहा-वीस वर्षं कोण आजारी पडतं ते बघत बसतात. आता मला सांगा, गेल्या महिन्यात भेंडी किती वेळा खाल्ली ते तुम्हाला आठवतंय? शिवाय परदेशात जे जास्त मांस खातात ते सरासरी सिगारेटही जास्त ओढतात, वजनानेही जास्त असतात. हा फरक गणिताने काढून टाकायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण निघत नाही.

२०१९ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने याच कारणावरून म्हटलं की पुरावा इतका कच्चा आहे की लोकांनी मांस खातात तेवढं खात राहायला हरकत नाही, आणि मोठा गदारोळ झाला. पण त्यांनी स्वतःच आपली शिफारस "कमकुवत" असल्याचं लिहिलं होतं, हे बातम्यांत हरवलं. त्याच वर्षी ईट-लॅन्सेट आयोगाने, म्हणजे आहार आणि पर्यावरणाचा एकत्र विचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, रोजचं रेड मीट (बोकड, मेंढी वगैरेंचं मांस) सरासरी १४ ग्रॅमवर आणा म्हटलं, म्हणजे आठवड्याला शंभर ग्रॅम, आपल्या भाषेत दोन-तीन फोडी. पण त्यांनी तब्येतीबरोबर पृथ्वीचाही हिशेब धरला होता, त्यामुळे दोघांचा प्रश्नच एक नव्हता.

माणसांना खरोखर वेगवेगळं खायला घालून केलेले प्रयोग छोटे आणि थोड्या दिवसांचे असतात. स्टॅनफर्डमध्ये २२ जुळ्या जोड्यांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला, २०२३ साली छापून आला, जोडीतल्या एकाला वीगन, म्हणजे दूध-अंडीही नसलेलं, जेवण, दुसऱ्याला मिश्र जेवण. वीगन गटाचं एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल जास्त उतरलं. हे मला पटतं, कारण सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोणी-मांसातली चरबी) कमी आणि फायबर (चोथा) जास्त झालं की एलडीएल उतरतं हे फार जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. आठ आठवड्यांवरून आयुष्य किती वाढेल ते मात्र कुणी सांगू नये.

डब्ल्यूएचओने मटणाला सिगारेटच्या यादीत टाकलं, खरं का?

अर्धं खरं, आणि सगळी गंमत त्या अर्ध्यातच आहे. डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, बेकन, हे पहिल्या गटात टाकलं जिथे तंबाखूही आहे, आणि रेड मीट टाकलं त्याखालच्या "बहुधा कारणीभूत" या गटात. आता हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. सिगारेटने कॅन्सर होतो हे पक्कं, सॉसेजनेही होऊ शकतो हे पक्कं, पण किती जणांना, यात जमीन-अस्मानाचं अंतर.

त्यांचाच आकडा घ्या, रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात तो होणार असेल तर ते पाचाचे सहाच्या जवळ जातात. दुर्लक्ष करण्यासारखं नाही, पण वर्षातून दोनदा गोव्याला गेल्यावर खाल्लेल्या चोरीस-पावाने (पावात गोव्याचं सॉसेज) झोप उडवून घ्यायचंही कारण नाही. मुलाच्या डब्यात रोज फ्रोझन सॉसेज जात असतील तर मात्र आजच बंद करा, त्यापेक्षा अंडं करून द्या.

मटणाचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा, वर तरंगणारा तवंग थोडा काढून, सोबत कांदा-काकडी आणि भाकरी, एवढ्याला माझी हरकत नाही. निखाऱ्यावर काळंकुट्ट होईपर्यंत भाजलेलं मात्र रोज नको, त्या जळक्या भागात नको ती रसायनं तयार होतात.

चिकन रेड मीटमध्ये येतं का?

नाही. बोकड, मेंढी, डुक्कर, गाय-म्हैस हे रेड मीट. चिकन आणि मासे वेगळे. रस्सा लाल असला तरी.

सुके बोंबील, सुकट, जवळा हे प्रोसेस्ड झालं का मग?

आयएआरसीच्या पहिल्या गटात खारवलेले मासे आहेत, पण ते दक्षिण चीनकडच्या पद्धतीचे, मीठ घालून आंबवत ठेवलेले, आणि संबंध नाकामागच्या घशाच्या कॅन्सरशी. आपले बोंबील उन्हात काठ्यांवर वाळवतात, ती गोष्ट वेगळी. प्रश्न आहे तो मिठाचा. खारा बांगडा, खारवलेली सुरमई यात मीठ भरपूर असतं आणि बीपीवाल्या आजोबांना तेच जास्त आवडतं. जवळा-सुकट बारीक असल्यामुळे काट्या-कवचासकट पोटात जातं, त्यामुळे कॅल्शियम चांगलं मिळतं. धुऊन, भिजवून, वरून मीठ न घालता करा.

शाकाहारात प्रोटीन पुरत नाही म्हणतात...

पुरतं, पण आपण ज्या पद्धतीने जेवतो त्याने पुरत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा हिशेब वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम. आता ऑफिसचा एक डबा उघडू. तीन पोळ्या, ९ ग्रॅम. बटाट्याची भाजी, फार तर २. वाटीभर वरण, आणि आपलं वरण कसं असतं, वाटीच्या तळाला डाळ आणि वर पिवळं पाणी, म्हणून ५ धरा. भात वाटीभर, ३. झाले १९. रात्री पुन्हा तेच किंवा त्याहून कमी, खिचडी-पापड. सकाळी पोहे आणि चहा, ४-५. सगळी गोळाबेरीज चाळिसाच्या आसपास आणि पोट मात्र गच्च भरलेलं.

यावर उपाय डबा फेकून द्यायचा नाही, तिसरी पोळी काढून तिथे वाटीभर उसळ ठेवायची, ७-८ ग्रॅम आले. दुपारी मूठभर दाणे, अजून ७. वाटीभर दही, ४. संपला प्रश्न. जिमच्या पोरांना रोज पावडर लागतेच असं नाही, सोयाबीनच्या वड्यांमध्ये सुक्या वजनाला निम्म्याहून जास्त प्रोटीन असतं, पण त्यांचं नाव काढलं की तोंडं वाकडी होतात.

मांसाहाराचा फायदा एवढाच की तिथे हिशेब सोपा आहे. एका अंड्यात ६ ग्रॅम, शिजवलेल्या चिकन ब्रेस्टच्या शंभर ग्रॅममध्ये ३० च्या आसपास. मात्र "आम्ही नॉनव्हेज खातो" म्हणणारे बाकीचे पाच दिवस काय खातात ते पण मोजा. तोच वरचा डबा.

डाळ आणि भात एकत्रच खाल्ले पाहिजेत का?

प्रोटीन ज्या अमिनो अॅसिडांचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी, मेथिओनिन डाळीत कमी, एकमेकांची भर निघते हे बरोबर. पण एकाच घासात, एकाच जेवणात हवं असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

बी-१२ चं नेमकं काय आहे? सगळ्यांचंच कमी कसं येतं?

शाकाहाराची सगळ्यात मोठी त्रुटी हीच आणि ती मान्य करायला लोकांना फार जड जातं. बी-१२ जीवाणू तयार करतात, आपल्याला ते मिळतं मांस, मासे, अंडी, दुधातून. भाजीपाला, डाळी, धान्य यात नाही. रोजची गरज अगदी थोडी, साधारण अडीच मायक्रोग्रॅम, पण थोडी असली तरी रोजची.

आणि हा विषय आपल्या घरचा आहे, पुण्याचाच. केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुण्याच्या आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं तर ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. झोपडपट्टीत नाही, खेड्यात नाही, खात्यापित्या घरात सगळ्यात जास्त. याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं तपासली. त्यात दिसलं की गरोदरपणी ज्यांचं फोलेट (फोलिक अॅसिड) जास्त आणि बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, सगळ्यात जास्त. म्हणजे नुसती फोलिक अॅसिडची गोळी देऊन बी-१२ कडे बघितलंच नाही तर काम अर्धवट राहतं.

लक्षणं काय, तर हातापायाला मुंग्या, थकवा, जिभेची आग, विसरायला होणं, चालताना तोल जाणं. यातलं प्रत्येक लक्षण "वय झालं" म्हणून खपवलं जातं. लिव्हरमध्ये साठा असतो तो काही वर्षं पुरतो, म्हणून वीगन झालेला माणूस वर्षभराने सांगतो की बघा मला काहीच झालं नाही. थांब जरा. डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर तीही बी-१२ उतरवते, तेव्हा शाकाहारी आणि वर मेटफॉर्मिन असलेल्या आई-वडिलांची टेस्ट नक्की करून घ्या. आणि मांसाहारींनीही कॉलर ताठ करू नये, पंधरा दिवसांतून एकदा दोन फोडींवर साठा भरत नाही.

दही, इडली, स्पिरुलिना, न धुतलेली भाजी यातून मिळतं म्हणे?

दूध-दह्यातून मिळतं, पण चहातल्या दुधाला दूध म्हणू नका. रोज दोन-तीन ग्लास दूध-ताक-दही जात असेल तर आधार आहे. इडलीच्या आंबण्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्पिरुलिनामध्ये असतं ते बी-१२ सारखं दिसतं पण शरीराला उपयोगी पडत नाही. आणि भाजी न धुता खाण्यातून जंत मिळतील. गोळी घ्या सरळ, स्वस्त असते. खूपच कमी असेल तर डॉक्टर इंजेक्शनं देतात.

पालक खाऊन पण हिमोग्लोबिन वाढत नाही, मटणाच्या सूपने वाढेल?

मांसातलं लोह शरीर १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत उचलतं, भाजी-डाळीतलं २ ते २० टक्के. त्यामुळे कलेजी किंवा मटण खाल्लं तर फरक पडतो, सूपचं नुसतं पाणी पिऊन नाही. शाकाहारात वाढवायचं तर लिंबू पिळा, आवळा-पेरू खा, आणि मुख्य म्हणजे जेवणावर लगेच चहा बंद. चहा तासाभराने. एवढा एक बदल केला तरी अर्धं काम होतं आणि हाच एक बदल कुणी करत नाही.

महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना अॅनिमिया आहे आणि त्यातल्या कितीतरी मांसाहारी घरातल्या आहेत. घरात अर्धा किलो मटण आलं की नळी कुणाला, कलेजी कुणाला आणि शेवटी बसणारीच्या ताटात रस्सा आणि एखादा हाडाचा तुकडा, हे ज्याने बघितलंय त्याला अॅनिमियाचं कारण वेगळं सांगायला नको.

मासे चांगले म्हणतात, पण कुठले?

आता आलात माझ्या विषयावर. माशाचं कौतुक आहे ते ओमेगा-३ या चांगल्या फॅटमुळे, आणि ते जास्त असतं तेलकट, काळपट पाठीच्या माशात. म्हणजे बांगडा, तारली, पेडवे. पापलेट चवीला राजा, २०२३ मध्ये त्याला राज्यमासा पण केलं, पण ओमेगाच्या बाबतीत स्वस्तातला बांगडा त्याला भारी पडतो. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खा म्हणते, ते आपल्याला बांगड्यावर सहज परवडतं.

पण घेताना बघून घ्या. कल्ला उचलून आत बघा, लालभडक हवा, विटकरी-चॉकलेटी झाला असेल तर पुढे चला. डोळा फुगीर आणि काळाभोर, आत बसलेला आणि धुरकट नको. पोटाला बोट लावलं तर खड्डा तसाच राहता कामा नये. एक जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा "ताजा आहे ताई, आत्ताच बोटीतून उतरला" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

आणि करायचा कसा, तर कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात. रवा लावून कढईत बुडवून काढलेला रोज खाल्ला तर तुम्ही तेल खाताय, मासा निमित्ताला.

फिश ऑइलच्या कॅप्सूल घेतल्या तर? आणि शाकाहारींनी जवस?

व्हायटल नावाचा मोठा प्रयोग झाला अमेरिकेत, २५ हजारांवर लोक, रोज एक ग्रॅम ओमेगा-३, निकाल २०१८ साली आला आणि हार्ट अटॅक-स्ट्रोक वगैरेच्या मुख्य बेरजेत म्हणावा असा फरक दिसला नाही. तेव्हा धडधाकट माणसाने डबे विकत घेण्यापेक्षा मासे घ्यावेत. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) खूप वाढलेल्यांना डॉक्टर जो औषधी डोस देतात तो वेगळा विषय.

जवस, अक्रोड यात ओमेगा-३ आहे पण दुसऱ्या प्रकारचं, शरीर त्यातलं फार थोडं माशातल्या प्रकारात बदलतं. तरी जवसाची चटणी खाच, फायबर आहे, चव आहे. कुटून खा, अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर जातं.

माशात पारा असतो, गरोदरपणी बंद करायचे का?

सगळे बंद करू नका, मोठे बंद करा. पारा लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो, म्हणून जो दुसऱ्यांना खाऊन मोठा होतो त्यात जास्त. मुशी-मोरी म्हणजे शार्क, मोठी सुरमई, मोठा कुपा (ट्यूना) हे टाळायचे. आपल्याकडे कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खायला घालतात, तिथे मी आज्यांशी भांडण घेते. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी चालेल, नीट शिजवून.

मासे खाऊन दूध प्यायलं तर कोड येतं?

नाही. कोड हा आपल्याच प्रतिकारशक्तीने त्वचेच्या रंगपेशींवर केलेला हल्ला आहे, त्याचा मासे-दुधाशी संबंध सापडलेला नाही.

पण मासे खाऊन अंगावर लाल चट्टे, खाज, तोंड लाल, डोकं धडधड हे होतं, आणि त्यामागे दूध नसतं, शिळा मासा असतो. बांगडा, कुपा या जातीचे मासे बर्फाशिवाय काही तास पडले की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून, तळून कशानेच जात नाही. वास, रंग ठीक असूनही होऊ शकतं. लोक म्हणतात "मला माशाची अॅलर्जी आली", आणि आयुष्यभर मासे सोडतात. मासा बाजारातून आणल्यावर बाईकच्या डिकीत ठेवून चार कामं उरकू नका, सरळ घरी या.

चिकनला हार्मोनची इंजेक्शनं देतात ना?

नाही देत, हजारो कोंबड्यांना एकेक इंजेक्शन देत बसणं कुणाला परवडेल. ब्रॉयलर ३५-४० दिवसांत तयार होते ती जातीमुळे आणि खाद्यामुळे. खरी काळजी अँटिबायोटिकची आहे. दिल्लीच्या सीएसई संस्थेने २०१४ साली चिकनचे ७० नमुने तपासले तर ४० टक्क्यांत अंश सापडले. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध, त्यावर सरकारने २०१९ मध्ये प्राण्यांसाठी बंदी घातली. चिंता अशी की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून चिकन पूर्ण शिजवा, आणि कच्चं चिकन कापलेल्या पाट्यावर त्याच सुरीने कांदा कापू नका.

बलक काढून टाकू का? कोळंबी बंद?

धडधाकट माणसाने रोज एक अख्खं अंडं खायला हरकत नाही. जेवणातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं ते सॅच्युरेटेड आणि ट्रान्स फॅट. कोळंबीत कोलेस्टेरॉल आहे, सॅच्युरेटेड फॅट फार कमी. बलक फेकून त्याच पांढऱ्याचं ऑम्लेट चमचाभर बटरवर टाकणारे लोक मी बघितलेत.

युरिक अॅसिड वाढलं, डाळी बंद करायला सांगितल्या...

अमेरिकेतल्या ४७ हजार पुरुषांच्या अभ्यासात (२००४) रेड मीट आणि मासे-कोळंबी जास्त खाणाऱ्यांना गाऊट (युरिक अॅसिडने होणारी सांधेदुखी) जास्त झाला, पण प्युरिनवाल्या (ज्यापासून युरिक अॅसिड बनतं) भाज्या-कडधान्यांमुळे वाढ दिसली नाही, दूध-दह्याने तर कमीच. तेव्हा आधी बिअर बंद करा, मग मटण-कलेजी कमी करा, डाळीची पाळी सगळ्यात शेवटी. होतं उलटंच, डाळ बंद आणि शनिवार चालू.

सोयाबीनने पुरुषांचे हार्मोन बिघडतात?

नाही. अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून बघितलेत, टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी, दारू नाही, तरी डायबेटिस कसा?

कारण ताटात भात, पोळी, साबुदाणा, साखर यांचंच राज्य. देशात १०.१ कोटी डायबेटिसवाले असल्याचा आयसीएमआरचा अंदाज २०२३ मध्ये आला, आणि आपल्या जेवणातल्या साधारण ६२ टक्के कॅलरी कार्बोहायड्रेटमधून येतात, व्हेज असो नॉनव्हेज असो. त्यात आपली शरीरंही तशीच. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच आकडे छापले होते, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखा २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी. मटण सोडून यावर उत्तर मिळत नाही, आणि बिर्याणीतला भात तसाच ठेवून चिकन वाढवूनही नाही.

पूर्ण वीगन व्हायचंय. किंवा उलट, नुसतं मांस खाल्लं तर?

वीगन होता येतं, पण बी-१२ची गोळी घ्यायचीच, त्यात चर्चा नाही. एपिक-ऑक्सफर्डमध्ये २०२० साली वीगन लोकांत हाडं मोडायचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त आलं होतं, म्हणून कॅल्शियम, प्रोटीन आणि वजनाचा व्यायाम सांभाळा. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आपल्याकडे ही सोय आयती आहे. पाकिटातलं "प्लांट-बेस्ड कबाब" घेतलंत तर मागे मीठ किती लिहिलंय ते बघा.

नुसतं मांस खाणारा कार्निव्होर प्रकार मला मान्य नाही. मांसात फायबर शून्य, रोजची गरज ३० ग्रॅमच्या आसपास. वजन उतरतं कारण बाकी सगळंच बंद झालेलं असतं. एलडीएल बऱ्याच जणांचं भलतंच चढतं, आणि ते दाखवलं की सांगतात की तुम्हाला कळत नाही.

श्रावणात महिनाभर सोडलं की शरीर डिटॉक्स होतं?

डिटॉक्स लिव्हर आणि किडनी बारा महिने करतात. महिनाभर मटण-दारू बंद राहिली तर वजन, बीपी उतरू शकतं, त्यात दारूचा वाटा मोठा. फक्त सोमवार-शनिवारच्या उपासाला साबुदाणा-बटाट्याऐवजी राजगिरा, वरी, दाण्याची आमटी, ताक घ्या. आणि गटारीला पुढच्या महिन्याचं आगाऊ खाऊन ठेवता येत नाही, तशी सोय शरीरात नाही.

कुठल्या टेस्ट करू?

हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), बस. मोठी पॅकेजं नकोत. बी-१२ सर्वसाधारणपणे २०० पिकोग्रॅम/मिलीच्या खाली आलं तर कमी धरतात, पण दोनशे-तीनशेमध्ये असून मुंग्या येत असतील तरी डॉक्टरांना दाखवा. आणि गोळी आधीच चालू केली असेल तर ते सांगून टाका, नाहीतर आकडा भरमसाट येतो, घरातले खूश होतात आणि कोर्स अर्ध्यावर सुटतो.